अर्ध्या नदीसाठी इराणच्या शाहनं कुर्दांना वाऱ्यावर सोडलं होतं..

६ मार्च १९७५. अल्जीरियाची राजधानी अल्जीयर्स.

तेल निर्यात करणाऱ्या देशांची, म्हणजे ओपेकची शिखर परिषद संपत आली होती. अल्जीरियाचे अध्यक्ष हुआरी बूमेदियन यांनी जाहीर केलं की इराण आणि इराक यांच्यातला जुना वाद मिटला आहे. सगळ्यांसमोर दोन माणसांनी एकमेकांना मिठी मारली. एक होते इराणचे शाह मोहम्मद रझा पहलवी आणि दुसरा इराकचा तेव्हाचा दोन नंबरचा नेता, सद्दाम हुसेन.

तिकडे उत्तर इराकच्या डोंगरात कुर्दांचे लढवय्ये, म्हणजे पेशमर्गा, सद्दामच्या फौजेशी लढत होते. त्यांच्या पाठीशी इराणच्या तोफा होत्या, इराणमार्गे येणारा दारूगोळा होता आणि गुपचूप अमेरिकेचा पैसाही होता. अल्जीयर्समध्ये मिठी पडली आणि पुढच्या काही तासांत ही मदत बंद झाली. तोफा माघारी फिरल्या. लगेच इराकी फौजेनं मोठा हल्ला चढवला आणि महिनाभराच्या आत कुर्दांचं बंड संपलं.

एखाद्या देशात वेगळं व्हायला निघालेल्या चळवळीला दुसऱ्या देशाचं सरकार मदत करतं, हा प्रकार आपल्याला नवा नाही. 'परकीय हात' हा शब्द तर दर दोन दिवसांनी बातम्यांमध्ये येतो. पण हा हात देतो काय, त्याच्या बदल्यात मागतो काय आणि सोडतो कधी, हे सहसा कळत नाही. कारण असले व्यवहार कागदावर होत नाहीत आणि झाले तरी ते कागद बाहेर येत नाहीत.

कुर्दांच्या बाबतीत मात्र ते बाहेर आले.

आता हे कुर्द नक्की कोण?

तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांच्या सीमा जिथं एकमेकांना भिडतात तो सगळा डोंगराळ पट्टा कुर्दांचा. त्यांची भाषा वेगळी, संस्कृती वेगळी. अंदाजे तीन ते चार कोटी लोकसंख्या, पण स्वतःचा देश नाही.

पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य कोसळलं. १९२० च्या सेव्हर्स तहात कुर्दांना वेगळा देश मिळू शकेल अशी तरतूद होती. पण तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये लोझानचा तह झाला आणि त्यात कुर्दांचं नावही राहिलं नाही. त्यांचा मुलूख चार देशांत वाटला गेला. तेव्हापासून या चारही देशांत कुर्द अल्पसंख्य आहेत आणि चारही सरकारांना त्यांची धास्ती आहे.

इथंच एक गोष्ट लक्षात ठेवायची. ज्या देशाला शेजाऱ्याच्या कुर्दांना भडकवायचं असतं, त्याच्या स्वतःच्या घरातही कुर्द असतात. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथं आहे.

पहिला धडा : महाबाद

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाच्या फौजा इराणच्या उत्तर भागात घुसल्या होत्या. त्यांच्या सावलीत जानेवारी १९४६ मध्ये इराणच्या महाबाद शहरात कुर्दांनी स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. काझी मोहम्मद अध्यक्ष झाले. त्यांच्या मदतीला इराकमधून आपली माणसं घेऊन एक लढवय्या आला होता, मुल्ला मुस्तफा बर्झानी. त्याच वर्षी महाबादमध्ये त्यांना मुलगा झाला, मसूद. हे नाव पुढं परत येणार आहे.

सोव्हिएत रशियाला कुर्दांच्या देशाशी फार देणंघेणं नव्हतं. त्यांना उत्तर इराणचं तेल हवं होतं. इराणच्या सरकारनं हे बरोबर ओळखलं आणि एप्रिल १९४६ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार केला की दोघं मिळून तेल कंपनी काढू. मे महिन्यापर्यंत रशियन फौजा निघून गेल्या. डिसेंबरमध्ये इराणी सैन्य महाबादमध्ये आलं आणि प्रजासत्ताकाचं वर्षही भरलं नाही. ३१ मार्च १९४७ ला काझी मोहम्मद यांना फाशी दिली.

यातली गंमत म्हणजे ऑक्टोबर १९४७ मध्ये इराणच्या संसदेनं तो तेल करारच फेटाळून लावला. म्हणजे कुर्दांचं राज्य गेलंच आणि रशियाच्या हातीही काही लागलं नाही.

बर्झानी मात्र शरण गेले नाहीत. सुमारे ५०० साथीदारांना घेऊन ते डोंगर तुडवत सोव्हिएत रशियात पोहोचले आणि तिथं ११ वर्षं राहिले. १९५८ मध्ये इराकमध्ये राजेशाही उलथली, तेव्हा ते परतले. पण नव्या सरकारशीही बिनसलं आणि १९६१ मध्ये इराकमधलं कुर्दांचं बंड सुरू झालं.

इराणच्या शाहला नक्की काय हवं होतं?

तर एक नदी.

टायग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र येऊन जो प्रवाह पर्शियाच्या आखाताकडे जातो त्याला शत्त अल-अरब म्हणतात. इराण आणि इराकची सीमा काही अंतर याच नदीतून जाते. १९३७ च्या करारानुसार जवळपास सगळी नदी इराककडे होती. सीमारेषा इराणच्या काठाला लागून जायची. इराणचा मोठा तेल शुद्धीकरण कारखाना याच नदीवर, अबादानला. तिथं काही सवलत होती. पण एकूण चित्र असं की इराणी जहाजांना इराकच्या पाण्यातून जावं लागायचं.

शाहचं म्हणणं होतं की सीमा नदीच्या मधोमध हवी. १९६९ मध्ये त्यांनी जुना करार एकतर्फी मोडीत काढला. पण करार मोडला म्हणून इराक थोडाच ऐकणार होता? इराकला टेबलावर आणायला काहीतरी दुखरी नस हवी होती. ती उत्तर इराकच्या डोंगरात होती.

बगदादमध्ये १९६८ पासून बाथ पक्षाची सत्ता होती. ११ मार्च १९७० ला इराक सरकार आणि बर्झानी यांच्यात समझोता झाला. कुर्दांना स्वायत्तता द्यायचं ठरलं. वाटाघाटी करणारा होता सद्दाम हुसेन. पण तेलानं भरलेलं किर्कुक कोणाकडे राहणार, यावर घोडं अडलं. १९७१ मध्ये बर्झानींना भेटायला धर्मगुरू म्हणून आलेल्या माणसांच्या अंगावर बॉम्ब निघाले. बर्झानी वाचले, पण बगदादवरचा विश्वास संपला.

म्हणजे कुर्दांची तक्रार शाहनं तयार केली नव्हती. ती आधीपासून होती आणि खरी होती. शाहला फक्त तिच्यात दारूगोळा भरायचा होता.

अमेरिका यात कशी आली?

एप्रिल १९७२ मध्ये इराकनं सोव्हिएत रशियाशी मैत्रीचा करार केला. शीतयुद्धाचा काळ होता, त्यामुळं अमेरिकेचे कान टवकारले. मे महिन्याच्या शेवटी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर मॉस्कोहून परतताना तेहरानला थांबले. शाहनं गळ घातली की कुर्दांना मदत करा.

बर्झानींचा शाहवर काडीचा विश्वास नव्हता. ज्या इराणनं महाबाद चिरडलं, त्याच इराणचे हे राजे. त्यामुळं मध्ये कोणीतरी जामीन हवा होता. अमेरिका आत आली तर शाह दगा देणार नाहीत, असं बर्झानींना वाटत होतं. निक्सन यांनी होकार दिला आणि तो शाहपर्यंत पोचवायला जॉन कॉनली हे नेते तेहरानला गेले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यालाही याचा पत्ता लागू दिला नव्हता.

पुढच्या तीन वर्षांत अमेरिकेनं सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरची मदत केली. शस्त्रं सोव्हिएत बनावटीची दिली गेली. कारण सोपं होतं, ती पकडली गेली तरी अमेरिकेचं नाव पुढं येऊ नये. इस्रायलचीही मदत होती. इराकी फौज उत्तरेत अडकली तर ती आपल्या सीमेवर येणार नाही, हे त्यांचं गणित. सगळ्यात मोठा वाटा अर्थातच इराणचा.

बर्झानी या मदतीवर किती विसंबले होते? त्यांनी किसिंजर यांना तीन गालिचे भेट पाठवले. १९७४ मध्ये किसिंजर यांचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या बायकोसाठी सोन्यामोत्यांचा हार पाठवला. कुर्दिस्तान अमेरिकेचं ५१ वं राज्य व्हायलाही तयार आहे, असं ते म्हणत होते.

आणि आता येतो खरा विषय.

जिंकू द्यायचं नाही, हरू द्यायचं नाही

१९७५ मध्ये अमेरिकन संसदेच्या एका समितीनं आपल्या गुप्तहेर संस्थांच्या कारभाराची चौकशी केली. ओटिस पाइक हे या समितीचे अध्यक्ष, म्हणून तिला पाइक समिती म्हणतात. तिचा अहवाल जाहीर करायचा नाही असं संसदेनं ठरवलं. पण तो फुटला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकानं तो छापला.

या अहवालातून कुर्दांच्या मदतीमागचा हिशेब उघड झाला. निक्सन, किसिंजर आणि शाह या तिघांनाही कुर्द जिंकावेत असं वाटत नव्हतं. कुर्दांनी फक्त इतकं लढावं की इराकचा पैसा, सैन्य आणि लक्ष तिथं अडकून पडेल. त्यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही. ही गोष्ट लढणाऱ्या कुर्दांना कधीच सांगितली नाही. त्यांना लढत राहा असंच सांगितलं गेलं. अगदी गुप्त कारवायांच्या मापानंही हा निर्दयी प्रकार होता, असा शेरा समितीनं मारला.

का जिंकू द्यायचं नव्हतं? कारण इराणमध्येही लाखो कुर्द होते. पलीकडच्या कुर्दांचा देश झाला तर उद्या अलीकडचेही मागणार. ज्या शाहनं मदत दिली त्यालाच कुर्दिस्तान सगळ्यात जास्त नको होतं.

मदतीचा नळ कोणाच्या हातात होता, याचं एक उदाहरण बघा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देश आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटलं. इराकनं आपली फौज सीरियाच्या मदतीला पाठवली. कुर्दांसाठी मोठा हल्ला करायची याहून चांगली वेळ नव्हती आणि इस्रायलनं तसं सुचवलंही होतं. पण किसिंजर यांच्याकडून निरोप आला की असा हल्ला करणं योग्य नाही. कुर्द थांबले.

मार्च १९७४ मध्ये इराकनं आपल्या अटींवर स्वायत्ततेचा कायदा आणला. त्यात किर्कुकचा प्रश्न कुर्दांच्या मनासारखा सुटत नव्हता. पाठीशी इराण आणि अमेरिका आहे म्हटल्यावर बर्झानींनी तो नाकारला. पाठिंबा नसता तर त्यांनी काय केलं असतं, हा प्रश्न इतिहासात तसाच राहिला. पण परकीय मदतीचा हा एक मोठा परिणाम असतो. हातात असलेली तडजोड लहान वाटायला लागते, कारण मागं मोठं कोणीतरी उभं आहे असा भास होतो.

मग पूर्ण ताकदीचं युद्ध सुरू झालं. डोंगरातल्या जुन्या गनिमी लढाईऐवजी पेशमर्गा आता मोर्चे धरून लढत होते. त्यासाठी तोफा लागतात, सतत दारूगोळा लागतो. तो इराणकडून यायचा. इराणनं स्वतःचा तोफखानाही सीमेपलीकडे पाठवला. म्हणजे मदत जितकी वाढत गेली, तितकी कुर्दांची स्वतःच्या बळावर टिकून राहायची सवय कमी होत गेली. नळ बंद केला की खेळ खलास, अशी अवस्था झाली.

आणि नळ बंद झाला

इराक मेटाकुटीला आला होता. डोंगरातली लढाई संपत नव्हती. सद्दामनं हिशेब केला की नदी देऊन बंड विकत घेतलेलं परवडेल. अल्जीयर्समध्ये इराकनं शत्त अल-अरबच्या मधोमध सीमा मान्य केली. बदल्यात इराणनं कुर्दांची मदत थांबवायची.

बर्झानींना कोणी विचारलं नाही. कोणी आधी सांगितलंही नाही.

सीमा बंद होणार म्हटल्यावर बर्झानींनी किसिंजर यांना निरोपामागून निरोप पाठवले. आमच्या लोकांचा नाश होतोय आणि सगळे गप्प आहेत, अमेरिकेची नैतिक जबाबदारी आहे, अशा आशयाची विनवणी त्यात होती. पाइक समितीच्या म्हणण्यानुसार उत्तर आलं नाही.

दोन लाखांवर लोक जीव मुठीत घेऊन इराणमध्ये गेले. त्यातल्या ४० हजारांहून जास्त लोकांना इराणनं नंतर जबरदस्तीनं परत इराकमध्ये पाठवलं. अमेरिकेनं निर्वासितांना माणुसकीच्या नात्यानंही मदत नाकारली, असं समितीनं नोंदवलं. याबद्दल समितीनं एका वरिष्ठ अधिकाऱ्याला विचारलं तेव्हा गुप्त कारवाई म्हणजे धर्मादाय काम नव्हे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. अहवालात नाव नाही, पण हे उत्तर किसिंजर यांचंच मानलं जातं.

आपल्याकडे याला एक म्हण आहे. गरज सरो, वैद्य मरो.

पण मग फायदा कोणाला झाला?

बर्झानी कॅन्सरच्या उपचारासाठी अमेरिकेत गेले आणि १ मार्च १९७९ ला तिथंच त्यांचं निधन झालं. त्याच्या दीड महिना आधी, जानेवारी १९७९ मध्ये, इस्लामी क्रांतीमुळं शाहलाही देश सोडून पळावं लागलं होतं.

इराण कमजोर झालाय हे बघून सद्दामनं सप्टेंबर १९८० मध्ये अल्जीयर्सचा करार रद्द केला आणि काहीच दिवसांत इराणवर हल्ला केला. आठ वर्षं युद्ध चाललं. त्यात दोन्ही देशांनी पुन्हा एकमेकांच्या कुर्दांना हाताशी धरलं. इराणच्या बाजूनं गेल्याची शिक्षा म्हणून इराकच्या कुर्दांवर १९८८ मध्ये अनफाल नावाची मोहीम चालवली गेली. हजारो गावं उद्ध्वस्त झाली. माणसांना मारून सामूहिक कबरींमध्ये पुरलं. मृतांचा अंदाज ५० हजारांपासून एक लाखाच्याही पुढं जातो. १६ मार्च १९८८ ला हलब्जा गावावर विषारी वायू सोडला. त्यात सुमारे ५ हजार लोक गेले.

आणि ती नदी? ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामनं कुवेत गिळलं आणि सगळं जग अंगावर आलं. तेव्हा इराणनं तरी शांत राहावं म्हणून त्यानं १९७५ च्याच अटी परत मान्य केल्या. सीमा पुन्हा नदीच्या मधोमध. पंधरा वर्षं आणि लाखो जीव खर्च करून सगळे तिथंच आले.

हे फक्त कुर्दांसोबत झालं का?

नाही.

तिबेटचं बघा. चीनविरुद्ध लढणाऱ्या तिबेटी बंडखोरांना अमेरिकेच्या सीआयएनं १९५७ पासून प्रशिक्षण दिलं. त्यासाठी कोलोरॅडोच्या डोंगरात कॅम्प हेल नावाचा तळ वापरला. १९६० पासून नेपाळमधल्या मुस्तांगमध्ये बंडखोरांची छावणी होती. तिथून ते चीनच्या हद्दीत छापे टाकायचे. पुढं अमेरिकेला चीनशी मैत्री करायची होती. १९७१ मध्ये किसिंजर गुपचूप बीजिंगला गेले, १९७२ मध्ये निक्सन गेले. तोवर मुस्तांगची मदत आटलीच होती. १९७४ मध्ये नेपाळच्या सैन्यानं छावणीला वेढा घातला. दलाई लामांचा ध्वनिमुद्रित संदेश ऐकवला गेला की शस्त्रं खाली ठेवा. बहुतेकांनी ठेवली. काहींना ते सहन झालं नाही, त्यांनी स्वतःला संपवलं.

आपल्या ईशान्य भारतातही हे घडलं. १९६६ मध्ये लालडेंगा यांच्या मिझो नॅशनल फ्रंटनं बंड केलं. त्यांचे तळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात होते आणि पाकिस्तान त्यांना शस्त्रं पुरवत होता. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानच उरला नाही आणि तळ गेले. शेवटी प्रश्न सुटला तो दिल्लीशी बोलून. ३० जून १९८६ ला मिझो करार झाला, १९८७ मध्ये मिझोराम राज्य झालं आणि लालडेंगा मुख्यमंत्री झाले.

भारत फक्त भोगणाऱ्यांच्याच बाजूला होता असंही नाही. १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांविरुद्ध दंगली झाल्या. त्यानंतर तिथल्या तमिळ संघटनांच्या पोरांना भारतात प्रशिक्षण दिलं गेलं. त्यात एलटीटीईही होती. दिल्लीला वेगळा तमिळ ईलम नको होता, कारण त्याचे पडसाद तामिळनाडूत उमटले असते. कोलंबोवर दबाव हवा होता. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात करार झाला. तमिळ संघटनांनी शस्त्रं टाकायची असं ठरलं. एलटीटीईनं ऐकलं नाही. जी शांतिसेना तमिळांच्या रक्षणाला म्हणून गेली तिलाच एलटीटीईशी लढावं लागलं. हजाराहून जास्त भारतीय जवान शहीद झाले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरमध्ये राजीव गांधींची हत्या झाली. दुसऱ्याच्या घरात पेटवलेला विस्तव कधी आपल्या पदराला लागेल, सांगता येत नाही.

मग बांगलादेश कसा झाला?

हा प्रश्न कोणीही विचारेल, आणि तो बरोबर आहे. १९७१ मध्ये भारतानं मुक्ती वाहिनीला मदत केली आणि खरंच एक नवा देश जन्माला आला.

पण फरक बघा. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं पूर्व पाकिस्तानच्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या होत्या. म्हणजे लोक कोणाच्या मागं आहेत हे मतपेटीतून आधीच कळलं होतं. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तानच्या मध्ये दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर आणि मधे भारत. पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांमुळं सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. ते परत जायचे तर तिथं नवं सरकार येणं भारतालाही गरजेचं होतं. म्हणजे चळवळीनं जिंकावं हीच मदत करणाऱ्याचीही गरज होती.

तेहरानला ती गरज नव्हती. वॉशिंग्टनलाही नव्हती. चळवळीचं पुढं काय होणार, हे बऱ्याचदा या एका गोष्टीवर ठरतं.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९७० मध्येच एक जाहीरनामा मंजूर केला. दुसऱ्या देशात बंडखोर टोळ्या उभ्या करायच्या नाहीत, त्यांना शस्त्रं आणि पैसा द्यायचा नाही, असं त्यात लिहिलंय. त्याच जाहीरनाम्यात लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असंही लिहिलंय. मदत करणारा देश दुसरं वाक्य दाखवतो आणि ज्याच्या घरात बंड होतं तो पहिलं. एकच देश एका सीमेवर एक आणि दुसऱ्या सीमेवर दुसरं वाक्य वाचतो, हेही नेहमीचंच.

यात आणखी एक मेख आहे. परकीय हात सापडला की सरकारं म्हणतात, बघा, सगळं बाहेरून आलंय, इथं तक्रारच नव्हती. कुर्दांचा इतिहास सांगतो की तसं नसतं. शाह नसते तरी किर्कुकचा वाद होताच आणि मोडलेली आश्वासनंही होतीच. बाहेरच्या मदतीनं तक्रार जन्माला येत नाही. पण त्या मदतीमुळं तिच्यावर 'परक्यांची हस्तक' असा शिक्का मात्र बसतो आणि मदत संपली तरी तो शिक्का पुसला जात नाही. हलब्जानं त्याची किंमत मोजली.

त्यामुळं उद्या एखाद्या देशाचा नेता शेजारच्या देशातल्या चळवळीच्या बाजूनं पोस्ट टाकताना दिसला, तर लाइक करण्याआधी किंवा चिडण्याआधी तीन गोष्टी तपासता येतात. एक, त्याला त्या शेजाऱ्याकडून दुसरं काय हवंय? नदी, तेल, सीमा की व्यापार? दोन, त्याच्या स्वतःच्या घरात तशाच लोकांना तो कसं वागवतो? आणि तीन, चळवळ जिंकली तर त्याला परवडणार आहे का?

ज्या मसूदचा जन्म महाबादमध्ये झाला होता, ते मसूद बर्झानी पुढं इराकमधल्या स्वायत्त कुर्दिस्तानचे अध्यक्ष झाले. २५ सप्टेंबर २०१७ ला त्यांनी स्वातंत्र्यावर सार्वमत घेतलं. ९२ टक्क्यांहून जास्त लोकांनी होय म्हटलं. इराण आणि तुर्कस्ताननं विरोध केला. अमेरिकेनं आधीच सांगितलं होतं की हे पुढं ढकला. तीन आठवड्यांत, १६ ऑक्टोबरला, इराकी फौजा किर्कुकमध्ये घुसल्या आणि कोणीही मदतीला आलं नाही. मसूद यांनी पद सोडलं.

डोंगरांशिवाय आपल्याला मित्र नाहीत, अशी कुर्दांमध्ये एक म्हण आहे. किर्कुक डोंगरात नाही, सपाटीवर आहे.